नदी पाठवतेय, तू येऊ नकोस

नदीकाठची वस्ती
४ मार्च १९८४, रविवार

मोठ्या आई,

तुझं पत्र मिळालं. न्टारियाच्या मिशनच्या दुकानात ते आठवडाभर पिठाच्या पोत्यावर पडून होतं. आईने हातात घेऊन आधी हुंगलं, म्हणाली, "फ्रीडा दवाखान्यात रोट्या भाजतेय वाटतं," आणि मगच मला वाचायला दिलं.

ठरल्याप्रमाणे तुझी नदी सोबत पाठवतेय. पुठ्ठ्याच्या नळीत आहे, हळू काढ. करार तुझ्या लक्षात असेलच, तरी लिहून ठेवते, कारण तू सोयीस्कर विसरतेस. गेल्या नाताळात तू कोणाला न सांगता मशीन सोडून बसने इकडे आलीस. चार दिवस मिशनच्या देवळात गात बसलीस, कांगारूच्या शेपटीचं मटण खाल्लंस आणि पाचव्या दिवशी तुझे पाय भोपळ्यासारखे सुजले. विमान बोलवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून तीनदा रक्त धुतलं नाही तर ही बाई जगायची नाही, आणि पुढच्या वेळी विमान वेळेवर येईलच असं नाही. विमानात चढवताना तू माझा हात धरून म्हणालीस, "मशीनसमोर नुसती पांढरी भिंत आहे गं, पाच-पाच तास. तिच्यावर माझी नदी लाव, मग बसते गप्प." तर नदी मी तिकडे पाठवायची आणि तू इकडे यायचं नाही.

चित्र आपल्या वळणावरून काढलंय. तू आणि आई, दोघी बहिणी जिथे खेळलात, जिथे आईची झोपडी आहे, तिथूनच. सकाळी बसले. वाळूत हातभर खणलं, पाणी लागलं, त्याच पाण्यात ब्रश बुडवला. तू शिकवलंस तसं आधी आकाश, मग डोंगर, मग झाडं, वाळू सगळ्यात शेवटी. पण ऊन इतकं होतं की ब्रश उचलेपर्यंत रंग वाळत होता. आई शेजारी बसून माशा हाकलत होती आणि सूचना देत होती. तिने आयुष्यात ब्रश धरलेला नाही, पण सूचना भरपूर.

रंग संपत आलेत. तिकडच्या दुकानातून निळा पाठव आणि रोझ मॅडर पाठव. नाव नीट सांग, रोझ मॅडर. मागे तू नुसतं गुलाबी म्हणालीस आणि त्यांनी भलताच लाल दिला होता, डोंगर भाजल्यासारखे दिसत होते. आईचं म्हणणं, "माझ्या नावाचा रंग आहे, तो पुरायचाच नाही कोणाला." तिला खोकला आहे थोडा. बाकी ठीक.

नदी पसंत पडली का ते कळव.

तुझी,
नोरीन


ॲडलेड
२५ मार्च १९८४

नोरीन पोरी,

नदी मशीनसमोर लावली आणि दहा मिनिटांत उतरवली.

रागावू नकोस, ऐक. उजव्या कोपऱ्यात झाडांच्या मागून जो निळा सुळका डोकावतोय, तो कोणाचा? तुझ्या नवऱ्याच्या आजोबांचा. त्यांना विचारलंस? वळणावर बसलं की तो दिसतो हे मलाही माहीत आहे, माझेही डोळे तिथेच उघडले. दिसतं ते सगळं आपलं नसतं. आपल्या आजोबांची जमीन काढायची, दुसऱ्याची काढायची तर जाऊन विचारायचं. नाही तर तेवढ्या जागी एक झाड उभं करायचं, तुझे मामा तसंच करत. त्यांच्या चित्रांत इतकी झाडं का, असं गोरे लोक विचारत. कारण त्यांची सासुरवाडी मोठी होती.

दुसरं, वाळू. तू ती बिस्किटासारखी केलीस. आपली वाळू सकाळी गुलाबी असते, दुपारी पांढरी, संध्याकाळी परत गुलाबी. तू कोणत्या वेळेला बसली होतीस ते तुझ्या आकाशाला एक माहीत आणि वाळूला दुसरंच.

तरी दहा मिनिटं होती ना भिंतीवर, तेवढ्यात व्हूलाने पाहिलं. व्हूला म्हणजे मला सुया टोचणारी पोरगी. ग्रीक आहे, हात हलका आहे. म्हणाली, "सुंदर आहे, पण नदी कुठे?" मी म्हटलं, "ही काय." ती म्हणाली, "यात पाणी कुठाय?" मी म्हटलं, "खाली आहे. तू झोपलीस की तुला मेली म्हणायचं का?" मग तिला सांगितलं की हे चित्रच त्या नदीच्या पाण्याने काढलेलं आहे. त्यावर तिने कागदाला बोट लावून पाहिलं. ओला आहे का म्हणून पाहिलं असेल, बिचारी.

रंगांच्या ट्यूबा सोबत आहेत. रोझ मॅडर दोन घेतल्या. रोझला म्हणावं, तुझा भाव दुकानात सगळ्यांत जास्त आहे, बाकीचे रंग स्वस्त. आणि तिला म्हणावं खोकला थोडा म्हणजे किती ते नीट सांग. ती लहानपणापासून दुखणं लपवते. पायात काटा मोडला तर नाचत चालायची.

तुझा करार मला मान्य आहे, पण पसंत पडेल अशी नदी आल्यावर. तोवर मी मोकळी. आणि हेही लिहून ठेव: तिकडे कोणाला काही झालं तर करारबिरार काही नाही. मशीन राहील इथे, मी तिकडे. माणूस गेलं की जायचं असतं, ते काही डॉक्टरला विचारून नाही.

परत काढ. झाड घाल.

तुझी मोठी आई,
फ्रीडा


नदीकाठची वस्ती
२४ एप्रिल १९८४

मोठ्या आई,

झाड घातलं. तीन झाडं घातली, कारण एकामागून सुळक्याचं टोक दिसतच होतं. नवऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या आजोबांना इतकं लपवायचं कारण काय?" मी म्हटलं, मोठी आई घाबरते त्यांना. तो तीन दिवस हसत होता.

पण वाळू जमेना. चार कागद वाया गेले. सकाळी बसले तर गुलाबी धरेपर्यंत ती पांढरी होते, संध्याकाळी बसले तर अंधार पडतो. आता रोज पहाटे थोडं आणि संध्याकाळी थोडं करते. एक कागद बरा होत आलाय, तो पाठवणार.

ईस्टरला देवळात गर्दी होती. तुझी जागा कोणी घेतली नाही, तिथे आईने तिचं गाठोडं ठेवलं. ती खालच्या पट्टीत गात होती आणि मधेच खोकत होती. ॲलिस शहरातल्या दवाखान्यात नेऊ म्हटलं तर म्हणते, दोघी बहिणी दवाखान्यात गेल्या तर नदीकडे कोण बघणार.

आता तिला काही सांगायचंय. ती बोलतेय तसंच लिहिते.

"फ्रीडा, मी रोझ बोलतेय. ही पोरगी माझे शब्द बदलते. तिला बदलू देऊ नको, पण तुला ते कळणार कसं. तू तिथे गोऱ्यांच्या गादीवर झोपतेस, मी इथे वाळूत, तरी कुरकुर तुझीच. खोकला इतका इतका आहे, बोटाएवढा. झाला नीट सांगून? दुसरी बातमी. बिलीमामाला जाऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे आता किटलीला परत बिली म्हणायला मोकळीक मिळाली. दोन वर्षं सगळी वस्ती तिला 'काळी' म्हणत होती. काळीत पाणी घाल, काळी उतरव. नोरीनची पोरगी तर बोलायला लागली ती 'काळी' म्हणूनच, आता तिला बिली शब्द नव्याने शिकवतोय. गेलेल्याचं नाव तोंडात घेऊ नये, ते बरोबर. पण त्या म्हाताऱ्याने किटलीचं नाव घ्यायला नको होतं. तू मशीनवर नीट बस. पाय शेकत जा. मी पण शेकते. तू इथे नाहीस म्हणून मला कोणी बोलत नाही, त्यामुळे दिवस मोठा होतो. तू मला बोलायचीस ते बरं होतं."

एवढं झाल्यावर ती उठून गेली. शेवटचं वाक्य लिहू नको म्हणाली होती. मी लिहिलं.

तुझी,
नोरीन


ॲडलेड
२२ मे १९८४

नोरीन पोरी,

महिना झाला, तुझा कागद नाही, नदी नाही. ट्रक बंद पडला की तू?

इकडे थंडी सुरू झाली. दवाखान्याच्या वसतिगृहात आपल्या मुलखाच्या दक्षिणेकडच्या दोघी नव्या आल्यात, त्यांचंही रक्त धुतात. त्यांची भाषा वेगळी, आमची वेगळी, पण पत्ते सारखेच खेळतो. त्या लबाडी करतात. मीही करते.

रोझसाठी लोकरीचे पायमोजे घेतलेत, लाल. तिला सांग, नाचत चालायचं नाही, हे घालून बसायचं आग पेटवून. आणि बोटाएवढा खोकला आता केवढा झाला ते कळव. मोजे या पाकिटात मावत नाहीत, वेगळे पाठवते.

भिंत पांढरीच आहे.

मोठी आई


न्टारियाच्या अलीकडे
६ जून १९८४

मोठ्या आई,

उशीर झाला, माफ कर. इकडे कामं होती, लोकही बरेच आले होते.

आम्ही वस्ती हलवली. आता वरच्या अंगाला, पवनचक्कीजवळ राहतो. वळणावर गवत फार माजलं होतं, साप निघत होते. इथे पाणी जवळ आहे, पोरांना बरं पडतं.

नदीचा कागद अजून पुरा झालेला नाही. इथून नदी नीट दिसत नाही. तू घाई करू नकोस, मशीनवर नियमाने जात जा. एकही वार चुकवू नकोस. व्हूलाला माझा नमस्कार सांग.

मोजे मिळाले. छान ऊबदार आहेत.

रंग लागतील. निळा आहे. ती दुसरी ट्यूब हवी, संध्याकाळी डोंगराला लागते ती, निळीच्या शेजारी ठेवलेली असते. तुला माहीत आहे कोणती. एकच पुरे.

पत्र लिहीत जा. तुझं पत्र आलं की मला बरं वाटतं.

तुझी,
नोरीन


ॲडलेड
१९ जून १९८४, मंगळवार

नोरीन,

काल रंगांच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, कोणता रंग देऊ. मी तुझं पत्र काढलं, नाव वाचून दाखवावं म्हणून. वाचत गेले. संध्याकाळी डोंगराला लागते ती. निळीच्या शेजारी असते ती. परत वरपासून वाचलं. तीच नोरीन, जिने मार्चमध्ये मला दटावलं होतं की नुसतं गुलाबी म्हणू नको, नाव नीट सांग.

तिथेच मला कळलं.

गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावासारखा दुसरा शब्दही तोंडातून काढायचा नाही, कागदावर लिहायचा नाही. हे तुला कोणी शिकवलं? मीच. मांडीवर बसवून. तू चांगली शिकलीस. इतकी चांगली की माझ्याशी खोटं बोलतानाही तुला ते मोडवलं नाही.

मग बाकीचंही एकेक समजत गेलं. वस्ती हलवली म्हणे साप निघतात म्हणून. साप आमच्या आजोबांच्या वेळेपासून निघतात, वस्ती हलते ती माणूस गेलं की. "लोक बरेच आले होते." मोजे छान आहेत म्हणालीस, पण कोणी घातले ते लिहिलं नाहीस. आणि पत्राच्या शेवटी तिचा निरोप नाही. तिने मला टोमणा मारल्याशिवाय एकही पत्र आजवर आलेलं नाही.

दुकानातली पोरगी विचारत होती, "बाई, कोणता रंग?" माझ्या तोंडून नाव निघेना. ओठांनी दाखवलं, तिला कळेना. मग मी स्वतः फडताळापाशी गेले आणि ट्यूब उचलली. बसमध्ये बसून तिच्यावरचा कागद नखाने खरवडून काढला. सोबत पाठवतेय. तिच्यावर आता काही लिहिलेलं नाही.

मी इथे पत्ते खेळत होते, नोरीन. लबाडी करून हसत होते, तिला मोजे पाठवत होते, आणि ती मातीत. माझी एकुलती बहीण. रडायचं असतं ते सगळ्यांनी मिळून, अंगाला अंग लावून. माझ्या वाटचं रडणं तू काढून घेतलंस. ते आता मी कुठे रडू? वसतिगृहाच्या न्हाणीघरात?

का केलंस ते मला ठाऊक आहे. मला जिवंत ठेवायचं म्हणून. पण असं जिवंत ठेवलेलं माणूस म्हणजे काय, ते तू एकदा येऊन बघ.

सात जुलैच्या शनिवारी सकाळी अकराला ॲलिसची बस आहे. तिकीट काढलंय. इथे कोणाला सांगितलेलं नाही. यावेळी परतीचं काढलेलं नाही.

फ्रीडा


पवनचक्कीजवळची वस्ती
२८ जून १९८४

मोठ्या आई,

तुझं पत्र आज दुपारी आलं आणि ट्रक तासाभरात परत जाणार आहे, म्हणून बोनेटवर कागद ठेवून लिहितेय. ड्रायव्हरला थांबवून ठेवलंय.

सगळं खरं आहे. मे महिन्याच्या नऊ तारखेला. खोकला छातीत उतरला. ट्रक आणायला माणूस पाठवला होता, तो येण्याआधीच. पहाटे आगीजवळ बसली होती, चहा मागितला, दोन घोट घेतले. मला म्हणाली, "फ्रीडाला कळवू नको. ती येईल. आली की ती पण जाईल." मी हो म्हटलं. मग म्हणाली, चहात साखर कमी आहे. मी साखर घालायला वळले.

मी तिला हो म्हटलं होतं, म्हणून लपवलं. पण नुसतं तिच्यासाठी नाही. मला दोन्ही आया एकाच थंडीत जायला नको होत्या. मी माझ्यासाठी लपवलं.

इकडे मला कोणी सोडलेलं नाही. पुरण्याच्या दिवशी धाकटे मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "थोरल्या बहिणीला न सांगता मूठमाती देतात का कोणी? हिने रडणं चोरलंय." तेव्हापासून दोन चुलत मावशा माझ्याशी बोलत नाहीत. बरोबर आहे त्यांचं. तूही बोलू नकोस हवं तर. मिशनच्या अंगणातल्या त्या काटेरी फुलझाडालासुद्धा आता सगळे नुसतं 'ते झाड' म्हणतात. मला वाटलं होतं मी सगळं सांभाळून लिहिलं. ट्यूबचं माझ्या लक्षातच आलं नाही. ते नाव हातून उतरेना, एवढंच.

आता एक सांगते, ते ऐकून मग काय करायचं ते कर. वळण बंद आहे. आईची झोपडी मोडली, पाऊलखुणा फांद्यांनी झाडून टाकल्या. तिथे कोणी जात नाही, कोणी आग पेटवत नाही. तू सात तारखेच्या बसने आलीस तरी तुला तिथे जाता येणार नाही. तू इथे पवनचक्कीजवळ बसशील, आम्ही सगळे तुझ्याभोवती बसून रडू, आणि चार-पाच दिवसांनी तुझे पाय सुजतील.

आणि मग वळण कोण उघडणार? हिरव्या फांद्यांचा धूर करून जागा मोकळी करायची असते ती थोरल्या बहिणीने, तूच सांगितलंस. आजीच्या वेळी तिच्या थोरल्या बहिणीने केली, तेव्हा तुम्ही दोघी लहान होतात आणि आईला ठसका लागला होता. आईला बहीण एकच आहे. दोन उन्हाळे जाऊ द्यावे लागतात. त्याआधी तू गेलीस तर ते वळण मिटलेलंच राहील. माझी पोरगी तिथे कधी पाय ठेवणार नाही. तिला मी सांगत बसेन की तिकडे तुझ्या दोन आज्या खेळायच्या, आणि लांबून बोटही दाखवता येणार नाही.

कागद पाठवतेय. पुरा नाही. आकाश आहे, डोंगर आहे, दोन्ही कडांची झाडं आहेत. डोंगराला तू पाठवलेल्या त्या ट्यूबचा रंग आत्ता घाईघाईने लावलाय, ओला असताना गुंडाळू नये पण गुंडाळते. मधलं वळण रिकामं सोडलंय. ते आता काढायचं नाही, आणि आठवणीतून काढायची माझी हिंमत नाही. तू उघडलंस की तिथे बसून काढीन.

मी तुला अडवत नाही. एकदा तुझ्या वतीने ठरवून बघितलं, तेवढं पुरे झालं. आलीस तर ॲलिसच्या स्टँडवर मी उभी असेन.

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

नोरीन


ॲडलेड
७ जुलै १९८४, शनिवार

नोरीन पोरी,

अक्षर वाकडं आहे, हसू नकोस. माझ्या डाव्या हाताची शीर निकामी झाली म्हणून व्हूलाने आज उजव्यात सुया टोचल्यात, आणि मी डाव्या हाताने लिहितेय. एक ओळ लिहायला माझी पाच मिनिटं जातात. तिने कागदाखाली ताट धरलंय.

तुझं पत्र गुरुवारी आलं. वाचलं आणि गाठोडं बांधलं. मग सोडलं. शुक्रवारी परत बांधलं. दुपारी त्या दक्षिणेकडच्या दोघी पत्ते घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी पत्ते खाली ठेवले. मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांना माझी भाषा येत नाही. त्या माझ्या दोन्ही बाजूंना येऊन बसल्या, अंगाला अंग लावून, आणि त्यांनी आधी सुरुवात केली. मग मी. वॉर्डनबाई धावत आली, कोणी पडलं की काय म्हणून. दारात उभी राहिली, मग खाली बसली तीही. आम्ही दिवस मावळेपर्यंत रडलो. माझ्या बहिणीसाठी अनोळखी बायका रडल्या, नोरीन. तिला आवडलं असतं, तिला गर्दी आवडायची. आता मला जरा श्वास घेता येतोय.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो राहील थोडे दिवस, त्याला राहू दे. मामांना माझं नाव घेऊन सांग की माझ्या वाटचं रडणं मला मिळालं, तेव्हा आता पोरीला बोलायचं बंद करा. मावशांनाही सांग. नाही ऐकलं तर मी आल्यावर बघते.

आणि तू साखर घालायला वळलीस ते रोज आठवत बसू नकोस. ती तशीच होती. कोणी बघत असताना तिने कधी काटासुद्धा काढू दिला नाही.

कागद भिंतीवर लावलाय. डोंगर चांगला झालाय. हे मी परत म्हणणार नाही. गुंडाळताना एका ठिकाणी रंग पसरला, पण तिथे ढगाची सावली पडल्यासारखी वाटते, राहू दे. व्हूला म्हणाली, "मधलं राहिलंय की." मी म्हटलं, राहिलं नाही, ते माझ्यासाठी थांबलंय. तिला सगळं सांगायला दोन तास लागले. तिने विचारलं, दोन उन्हाळे म्हणजे किती वेळा यावं लागेल तुम्हाला? आणि हिशेब करायला लागली. मी तिला गप्प केलं.

बस अकराला होती. आत्ता घड्याळात सव्वाअकरा झालेत.

मंगळवारी परत येईन इथे, मग गुरुवारी. तू पोरीला ब्रश धरायला शिकव, नुसतं पाणी फिरवू दे कोऱ्या कागदावर. आणि हिरव्या फांद्या आधीपासून तोडून ठेवू नकोस, वाळल्या तर धूर होत नाही. मी आले की आपण दोघी जाऊन तोडू.

तुझी आई